आता तू म्हण

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे चारच वाजले होते पण कार्डिफमध्ये तेव्हा चारलाच अंधारायला लागतं, आणि मी शेजारच्या नाइनच्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभी होते. नाइन म्हणजे आजी. उत्तर वेल्समधली माणसं आजीला नाइन म्हणतात, इथं दक्षिणेत मामगी म्हणतात, आणि ही आजी पन्नास-पंचावन्न वर्षं कार्डिफमध्ये राहूनसुद्धा नाइनच राहिलीय. माझी लेकही तिला नाइनच म्हणते, म्हणून मीही. तर नाइन वेल्शकेक भाजत होती. जाड बिडाचा तवा, त्याच्यावर बेदाणे घातलेल्या छोट्या गोल चकत्या, कडेला लोणी विरघळून जो वास सुटतो तो बराचसा आपल्या साटोऱ्यांसारखा असतो, जायफळ पण असतं त्यात. आणि भाजता भाजता ती गुणगुणत होती, म्हणजे आधी नुसतं नाकात आणि मग शब्दांसकट. एक संपलं की दुसरं. मी म्हणलं किती छान गं, कुणी शिकवलं? ती म्हणाली शिकवलं कुणीच नाही, आई म्हणायची. मग उलथनं खाली ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आता तू म्हण. तुझ्या घरात बायका काय म्हणायच्या?

मी लगेच म्हणलं, अगं माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे ना! आणि फोन काढला. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या, सहा-सात वर्षांपूर्वी साताऱ्याला गेले होते तेव्हा घेतलेल्या. फाइल शोधायलाच पाच मिनिटं लागली. लावली. नाइननं हात पुसून, खुर्ची ओढून, मान खाली घालून अगदी नीट ऐकलं अर्धा मिनिट, आणि मग हळूच म्हणाली, ही तर ती म्हणतेय. तू म्हण.

मला पहिली ओळ आली. दुसरी नाही आली.

काही मोठं झालं नाही त्याचं. नाइननं चहा ओतला, विषय लेकीच्या शाळेवर गेला, मी डबाभर वेल्शकेक घेऊन घरी आले. पण रात्री झोप लागेना. त्या फाइलवर ४१ मिनिटं असं लिहिलेलं होतं आणि एवढ्या वर्षांत मी ती एकदाही पूर्ण ऐकली नव्हती, हे मला तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या कळलं. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा ती फाइल जपून नव्या फोनवर घेतली, क्लाउडवर कॉपी ठेवली, ‘आत्या ओव्या - डिलीट करू नये’ असं नाव दिलं. आणि आत्या जाऊन आता तीन वर्षं झाली.

दोन दिवसांनी नाइननं एक सीडी दिली. म्हणाली हा आमच्या बाजूचा माणूस, मेरेड, गाडीत ऐक. आमच्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर आहे अजून. मेरेड म्हणजे मेरेडिद एव्हान्स, पण सगळं वेल्स त्याला नुसतं मेरेड म्हणतं, आपण लता म्हणतो ना तसं प्रेमाचं एकेरी, म्हणून मीही इथं तसंच लिहिणारे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरं सांगायचं तर मला वाटलं काहीतरी राहिलंय, म्युझिक कुठाय? गाणं सुरू झालं तर नुसता आवाज. ना हार्प, ना गिटार. हलका, स्वच्छ टेनर आवाज, त्यात कुठंही ‘बघा मी कसा गातो’ असं नाही. शब्द अगदी सुटे सुटे, ओळ संपताना श्वास ऐकू येतो. एक गाणं आहे ‘टिट्रुम टाट्रुम’ म्हणून, रात्री प्रियकर मुलीच्या खिडकीवर बारीक खडे मारतो त्याचा तो आवाज, टिट्रुम टाट्रुम, आणि बाहेरून कुजबुजत ग्वेनला उठवतो. मला वेल्श फार येत नाही, लेकीच्या शाळेच्या निमित्तानं शिकले तेवढंच, पण ते खडे मला ऐकू आले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून मी बसून राहिले, पाऊस काचेवर पडत होता, आणि मला एकदम जाणवलं की या आवाजात आणि आत्याच्या आवाजात काहीतरी सारखं आहे. दोघं आपल्याला ऐकवायला गात नाहीयेत. आपण नसतो तरी ते असंच गायले असते.

मग जमेल तिथून त्याच्याविषयी वाचायला लागले आणि नाइनला विचारून विचारून हैराण केलं. जन्म १९१९, लानेग्रिनचा, पण वाढला तानग्रिशामध्ये. ब्लायनाय फेस्टिनियोगच्या अगदी पोटातलं खेडं आहे ते. नावाचा अर्थ ‘पायऱ्यांच्या खाली’. स्लेटच्या खाणींचा मुलूख. आम्ही मागं एकदा गेलो होतो तिकडं, तेव्हा मला काही माहीत नव्हतं, नुसते राखाडी दगडांचे डोंगर बघितले होते, म्हणजे खरे डोंगर नव्हेत, खाणीतून काढून टाकलेल्या फुटक्या स्लेटचे ढिगारे, घरांच्या मागच्या अंगणापर्यंत आलेले, आणि पावसात सगळं चकचकीत काळं. त्या खाणींमध्ये दुपारी जेवायला बसायची एक खोली असायची, कॅबन म्हणायचे तिला, आणि तिथं कामगार डबे खाता खाता वाद घालायचे, कविता म्हणायचे, गायचे, स्पर्धा लावायचे. मेरेडचे वडील खाणीत. भावंडांनी घर भरलेलं. आणि आई, शार्लट नावाची, घरकाम करताना गाणारी. त्याची पुढची सगळी गाणी जी त्यानं रेकॉर्ड केली, छापली, शिकवली, त्यांचं मूळ कुठंय तर त्या स्वैपाकघरात. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कोऑपच्या, म्हणजे सहकारी किराणा दुकानात कामाला लागला. काही वर्षं तेच. मग पुन्हा शिकायला लागला, बँगरच्या युनिव्हर्सिटीत तत्त्वज्ञान घेतलं, आणि तिथं रोबिन विल्यम्स आणि क्लेडविन जोन्स या दोघांबरोबर त्याचं त्रिकूट जमलं. सॅम जोन्स म्हणून बीबीसीचे एक प्रोड्यूसर बँगरमध्ये होते, त्यांनी महायुद्धानंतर ‘नोसोन लावेन’ हा रेडिओ कार्यक्रम काढला. नोसोन लावेन म्हणजे मूळ शेतकऱ्यांच्या घरातली रात्रीची बैठक, चुलीभोवती बसायचं आणि ज्याला जे येतं ते त्यानं करायचं.

नाइन तेव्हा सात-आठ वर्षांची. तिच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ होता, ओली बॅटरी गॅरेजमध्ये नेऊन चार्ज करून आणायला लागायची, म्हणून आठवडाभर वडील रेडिओ जपून जपून लावायचे आणि नोसोन लावेनला मात्र पूर्ण. कार्यक्रम सुरू झाला की वडील नुसता हात वर करायचे आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं व्हायचं. तिला आवडायचा तो बॉब रॉबर्ट्स. बाला जवळच्या ताय र वेलिनचा शेतकरी, पिठाची गिरणी चालवणारा, रेडिओवर आला तेव्हा सत्तरी ओलांडलेला! म्हणजे आयुष्यभर गिरणीत आणि शेतात गायला आणि म्हातारपणी अख्ख्या देशाला माहीत झाला. नाइन त्याची नक्कल अजून करते, हनुवटी छातीला लावून.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. वेल्स म्हणलं की गाणं, असं आपण सगळे धरून चालतो, रग्बीच्या मॅचला अख्खं स्टेडियम चार आवाजांत गातं ते टीव्हीवर बघितलेलं असतं. पण ते बहुतेक चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघरांच्या, भक्तिगीतांचं गाणं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मेथडिस्ट या कडक ख्रिस्ती पंथाची लाट आली आणि घराघरांतली, जत्रेतली, शेतातली गाणी पापी ठरली. फिडल वाजवणाऱ्यांनी फिडल टाकून दिली. प्रेमाची गाणी म्हणायची चोरी. मग ती गेली कुठं, तर गोठ्यावरच्या माळ्यावर. उत्तरेत ल्लीन आणि अँगलसीकडं शेतावर राबणारी तरुण पोरं तबेल्याच्या वर माळ्यावर झोपायची, खाली घोड्यांची ऊब, आणि तिथं मालकाच्या आणि चॅपलच्या कानाआड ही गाणी चालू राहिली. नाही तर कुठल्यातरी म्हातारीच्या डोक्यात. १९०६-०८ च्या सुमारास वेल्श लोकगीत मंडळ उभं राहिलं तेव्हा गोळा करणाऱ्यांना अशाच माणसांपर्यंत पोचायला लागलं. जे. लॉइड विल्यम्स हे खरं तर वनस्पतिशास्त्राचे माणूस, बँगरला शिकवायचे, पण रानातली फुलं जमवावी तसं विद्यार्थ्यांकडून त्यांच्या त्यांच्या गावची गाणी जमवायला लागले. आणि रूथ हर्बर्ट लुइस, खासदाराची बायको, एडिसनचा फोनोग्राफ घेऊन फ्लिंटशायरमधल्या खेड्यांत फिरली. होलीवेलच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात एक म्हातारी होती, तिच्याकडून तिनं गाणी घेतली. मला हे चित्र सोडत नाही. आश्रमातली थंड खोली, समोर भोंगा, आणि त्या बाईला सांगितलं असेल की या भोंग्यात तोंड घालून म्हण. मेणाचा सिलिंडर फिरतोय. आणि त्या मेणाचं असं असतं की प्रत्येक वेळी वाजवलं की सुई थोडं थोडं खरवडत जाते. म्हणजे जितकं ऐकाल तितकं झिजत जाणार.

माझी फाइल काही झिजत नाही. सात वर्षांत तिच्यावर एक ओरखडा नाही.

मेरेडकडे परत येते. त्याच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्याच्या बायकोनं. फिलिस किनी, अमेरिकन, मिशिगनमधल्या पाँटियाकची. ऑपेरा गायिका, कार्ल रोझा कंपनीबरोबर ब्रिटनमध्ये गात होती. १९४८ मध्ये लग्न झालं. १९५२ ला दोघं अमेरिकेला गेली, त्यानं प्रिन्स्टनला पीएचडी केली, नंतर बॉस्टनला शिकवलं. आणि तिथं, न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीसाठी, १९५४ मध्ये त्याची वेल्श लोकगीतांची रेकॉर्ड निघाली. न्यूयॉर्क टाइम्सनं त्या वर्षीच्या निवडक लोकसंगीत रेकॉर्डमध्ये तिची गणना केली. खाणकामगाराचा, कोऑपमध्ये साखर-चहा बांधून देणारा पोरगा, आईची गाणी, आणि ऐकणारं न्यूयॉर्क. फोकवेजचं पुढं असं झालं की मालक गेल्यावर ती कंपनी स्मिथसोनियननं घेतली, आणि अट अशी होती की यातली एकही रेकॉर्ड कधी बंद करायची नाही, खपो न खपो. त्यामुळं त्याचा पस्तिशीतला आवाज आज कुणालाही मिळतो. पण फिलिस. तिला वेल्शचा एक शब्द येत नव्हता आणि ती शिकली, नुसती बोलायला नाही तर अशी शिकली की पुढं त्या दोघांची जोडी म्हणजे शब्द त्याच्याकडं आणि चाली तिच्याकडं अशी वाटणी झाली. जुनी हस्तलिखितं काढायची, एकाच गाण्याची चार गावांतली चार रूपं समोर ठेवायची, कुठली ओळ कुठून कुठं गेली ते बघायचं. ६० वर्षं. वेल्श पारंपरिक संगीतावरचं तिचं मोठं पुस्तक २०११ मध्ये आलं, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती.

मी कार्डिफमध्ये अकरा वर्षं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळं आले, मग माझीही लागली. इथल्या लोकांत एक सवय आहे, आपण दोन शब्द वेल्श बोललो की त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून आपल्यालाच अपराधी वाटतं, इतका आनंद होतो त्यांना. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले. साडेपाच लाखसुद्धा नाहीत. आपल्याकडं एका पिंपरी-चिंचवडमध्ये याच्या कितीतरी पट माणसं राहतात. म्हणून असेल, फिलिसचं वाचताना मला आधी कौतुक वाटलं आणि मग जरा टोचलं. ती दुसऱ्याच्या आईची गाणी शिकली. आणि मला माझ्या आत्याची दुसरी ओळ येत नाही.

१९६० ला मेरेड परत आला, आणि १९६३ पासून दहा वर्षं बीबीसी वेल्सच्या करमणूक विभागाचा प्रमुख होता. आता लोकगीतवाला माणूस म्हणल्यावर त्यानं काय केलं असेल असं वाटतं? तर त्यानं वेल्शमधून विनोदी मालिका काढल्या, तरुण पोरांचे पॉप गाण्यांचे कार्यक्रम काढले. ‘डिस्क अ डाउन’ नावाच्या कार्यक्रमातून गिटार घेतलेली लांब केसांची मुलं टीव्हीवर वेल्शमधून गायला लागली. नाइन म्हणते त्याला कुणी कुणी नावं ठेवली असतील पण आमच्या पोरांना ते बघून वाटलं की आपली भाषा म्हणजे फक्त चॅपल आणि आजोबा नाहीत. मला हे फार पटतं. मला तर वाटतं त्याच्या गाण्यांएवढंच हे महत्त्वाचं काम. कारण जुनं गाणं कळायला आधी भाषा रोजच्या वापरात पाहिजे, भांडायला, चेष्टा करायला, प्रेमात पडायला. ग्वेनच्या खिडकीवर खडे मारणारा पोरगा जर आता फक्त इंग्लिशमधूनच बोलत असेल तर त्या गाण्याचं काय करायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं?

आणि त्याच माणसानं १९७९ मध्ये जे केलं ते वाचून मी दोनदा मागं जाऊन वाचलं, खरंच तोच का म्हणून. वेल्श भाषेचं स्वतंत्र टीव्ही चॅनल देतो असं वचन सरकारनं दिलं होतं आणि मग मोडलं. तेव्हा मेरेड, पेनार डेव्हिस आणि नेड थॉमस, तिघंही विद्वान, कॉलेजात शिकवणारी माणसं, पेनकारेगच्या टीव्ही ट्रान्समीटरच्या आवारात शिरले आणि तो बंद केला. साठीला आलेला, दहा वर्षं स्वतः टीव्हीत साहेब असलेला माणूस आवारात घुसून ट्रान्समीटरचा स्विच बंद करतो. खटला झाला. पुढच्या वर्षी ग्विनव्होर एव्हान्स या नेत्यानं आमरण उपोषणाची घोषणा केली, सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी हे वेल्श चॅनल सुरू झालं. माझी लेक शाळेतून आल्यावर जी वेल्श कार्टून बघते ना, ती त्याच चॅनलवर. मी इतकी वर्षं तिला नुसतं ‘आवाज कमी कर’ एवढंच म्हणत आले.

नाइनला मी विचारलं, तुला तेव्हा काय वाटलं गं, कायदा मोडला म्हणून? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आमच्याकडं पासष्ट साली एक गाव बुडालं.

कापेल केलिन. बाला जवळच्या ट्रेवेरिनच्या खोऱ्यातलं. लिव्हरपूलला पाणी पाहिजे म्हणून धरण बांधलं, वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध असताना, आणि १९६५ मध्ये चॅपल, शाळा, पोस्ट, घरं सगळं पाण्याखाली. ॲबरिस्टविथच्या रस्त्यावर एका पडक्या भिंतीवर ‘ट्रेवेरिन विसरू नका’ असं लिहिलेलं आहे, पांढरी अक्षरं, लाल रंगावर, आम्ही तिथं थांबून फोटो काढला होता. नाइनची कुणी मावशी त्या खोऱ्यातली. आणि मी तिथं खुर्चीत बसून राहिले कारण माझ्या आत्याचं सासर कोयनेच्या पाण्यात गेलं. त्याच वर्षांमध्ये. काही घरं वर डोंगरात सरकली, काही पार सोलापूरकडं गेली, आत्या नवी सून होती तेव्हा. अकरा वर्षांत मी नाइनला हे सांगितलं नव्हतं. विषयच निघाला नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघी नुसत्या बसलो.

आता एक अवघड गोष्ट लिहिते. ओव्यांबद्दल बोलताना आपला गळा भरून येतो पण आत्याला जात्याचा अजिबात उमाळा नव्हता. पहाटे तीनला उठायचं, सासू-जावा झोपलेल्या, खांदे भरून यायचे, तळहाताला घट्टे. गिरणी आली तेव्हा ती म्हणायची देव आला. इथं दक्षिण वेल्समध्ये, ग्लॅमॉर्गनला, बैलांची गाणी होती. नांगराला बैल जुंपले की एक पोरगा त्यांच्या पुढं उभा राहायचा, तोंड बैलांकडं, आणि उलटा चालत चालत त्यांना गाणं म्हणत पुढं न्यायचा, तीन-चार ओळींची छोटी कडवी, ओळ संपली की बैलांना हाळी. दिवसभर उलटं चालणं. आपल्याकडं मोटेवर गायचे तसंच की! बैल गेले, मोट गेली, जातं गेलं, आणि त्या पोराच्या पायांना बरंच वाटलं असणार. म्हणून मी हळहळताना जरा बिचकते. मला गाणं पाहिजे, पण ते पहाटे तीनचं दळण मला नकोय, आणि ते दळण दुसऱ्या कुणी बाईनं चालू ठेवावं असं म्हणायचा तर मला अधिकारच नाही. पुण्यात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांबरोबर मिळून एक लाखाच्यावर ओव्या जमवल्या, त्यातल्या काही आज नेटवर ऐकायला मिळतात, मी त्या रात्री किती वेळ ऐकत बसले. प्रत्येक आवाजाला बाईचं नाव, गावाचं नाव. आत्या त्यात नाही. तिच्या फक्त माझ्या फोनमध्ये आहेत.

जानेवारीत नाइन म्हणाली, चल तुला प्लगाइनला नेते. माँटगमरीशायरमधली जुनी रीत आहे ही. प्लगाइन म्हणजे कोंबडा आरवायची वेळ, पूर्वी नाताळच्या पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन जमायचे, आता बहुतेक ठिकाणी संध्याकाळी होतं, जानेवारीच्या मध्यापर्यंत. आपली काकड आरती डोळ्यासमोर आली ऐकल्या ऐकल्या. तीन तास गाडी चालवून गेलो, शेवटचा रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर मला मागं घ्यायला लागली. दगडी चर्च, आत ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, हीटर होता पण पाय गार पडलेले. छोटी प्रार्थना झाली आणि मग पाळकांनी सांगितलं की आता प्लगाइन खुलं आहे. आणि नंतर कुणी काही बोललंच नाही. ना निवेदन, ना नावं, ना टाळ्या. शांतता. मग मागून बाक करकरला, तिघंजण उठून सावकाश पुढं चालत आले, त्यांच्या बुटांचा दगडावर आवाज. एकानं ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाला लावला, हूं करून सूर दिला, आणि तिघं एकमेकांकडं तोंड करून, आमच्याकडं जवळजवळ पाठच, तीन आवाजांत गायला लागले. दहा-बारा कडव्यांचं कॅरोल. संपलं, परत जागेवर. पुन्हा शांतता, पुढची पार्टी. बाप आणि दोन मुली. चार भाऊ, हातांवरून शेतकरी कळत होते. नाइन कानात म्हणाली की एका रात्री एक कॅरोल दोनदा होत नाही, म्हणून सगळे लक्ष देऊन ऐकतात, आपलं कुणी आधी म्हणलं तर आपल्याला दुसरं काढायला पाहिजे. काही घराण्यांची कॅरोल्स त्यांच्या घरातल्या वह्यांत असतात, आज्याच्या हातची. सगळ्या पार्ट्या झाल्या की त्याच क्रमानं पुन्हा एकदा. शेवटी चर्चमधले सगळे गाणारे पुरुष पुढं जाऊन एकत्र एक कॅरोल म्हणतात आणि मग हॉलमध्ये जेवण, हॅम, लोणचं, ‘बारा ब्रिथ’ नावाचा सुकामेवा घातलेला पाव, स्टीलच्या मोठ्या किटलीतनं चहा.

मी फोन पर्समधून काढला होता सुरवातीला. चार भाऊ गायला लागले तेव्हा तो माझ्या मांडीवर उलटा पडलेला होता आणि मला त्याची आठवणच राहिली नाही. आत्ता मला त्यातली एकही चाल धड म्हणता येणार नाही. पण त्यातल्या सगळ्यात थोरल्या भावानं दुसऱ्या कडव्याआधी धाकट्याकडं जे बघितलं, नुसती भुवई, ‘तू घे’ असं, ते जात नाहीये डोळ्यांपुढून.

मेरेड शेवटपर्यंत कुम-अस्टुइथमध्ये राहिला, जुन्या शिशाच्या खाणींच्या खोऱ्यात, फिलिसबरोबर. घरी येईल त्याला गाणी द्यायचा, तरुण गायक यायचे, बसायचे, शिकून जायचे. त्यांचा संग्रह आता ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत गेला, ९५ वर्षांचा होऊन. नाइननं त्या दिवशी काय केलं विचारलं तर म्हणाली काही नाही, किचनमध्ये होते, त्याची एक-दोन म्हणली.

प्लगाइनहून आल्यावर दुसऱ्या रविवारी मी हेडफोन लावून आत्याची फाइल पहिल्यापासून ऐकली. पंख्याची घरघर. मधेच दूधवाला. जात्याचा आवाज, जो मी विसरूनच गेले होते, खालून येणारा, पावसाआधी गडगडतं तसा लांबचा. माझा स्वतःचा आवाज पण आहे त्यात, ‘आत्या परत म्हण, जरा मोठ्यानं म्हण’, असं सारखं सारखं. मला राग आला त्या आवाजाचा. आत्या बिचारी परत म्हणतेय. आणि एकतिसाव्या मिनिटाला जातं थांबतं. आत्याला धाप लागलीय. ती म्हणते,

“आता तू म्हण की गं. खुट्याला हात लाव, म्हण माझ्यासंगं.”

आणि मी हसते. “मला कुठं येतंय आत्या. तूच म्हण. माझी बॅटरी संपत आलीय.”

थोडा वेळ नुसता पंखा. मग जातं परत सुरू होतं.

मी ते तिथंच बंद केलं. त्या दिवशी पुढं ऐकवलं नाही. मग दुसऱ्या दिवसापासून गाडीत, मेरेडच्या सीडीऐवजी, रोज थोडं थोडं, थांबवत, मागं घेत, तिच्या मागून म्हणत. वाटतं तेवढं सोपं नाही, ओळीच्या शेवटी ती जिथं श्वास तोडते तिथं माझा तुटत नाही, कारण तिचा श्वास जात्याच्या फेऱ्याला बांधलेला आहे आणि मी सिग्नलला उभी. शेवटी डाव्या हातानं मांडीवर गोल फिरवत म्हणायला लागले तेव्हा जरा बसायला लागलं. दोन ओव्या आल्या. त्या तिनंच रचलेल्या असणार, कारण बुडालेलं गाव तिचंच आहे:

पहिली माझी ओवी गं, कोयनामाईच्या पाण्याला
बुडालं सासर माझं, सांगते जात्याच्या दाण्याला

दुसरी माझी ओवी गं, भैरोबाच्या राउळा
देव घेतला डोईवरी, घाट चढता आल्या कळा

मार्चमध्ये, सेंट डेव्हिड या वेल्सच्या संताच्या दिवशी, नाइनकडं गेले. लेक शाळेतून डॅफोडिल लावून आलेली. मी काही प्रस्तावना केली नाही, तिच्या ओट्याला टेकूनच म्हणलं. पहिली ओवी थोडी खाली लागली, दुसरी बरी गेली. लेक तोंडात वेल्शकेक धरून बघत राहिली कारण तिनं मला गाताना ऐकलेलंच नव्हतं. नाइननं अर्थ विचारला, तो सांगता सांगता घाटाशी मला थांबायला लागलं. मग तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, मला शिकव.

तिला ‘कळा’ मधला ळ काही केल्या येत नाही. ‘कला’ म्हणते. मला तिच्या ‘ल्ल’ सारखीच अडचण आहे, जीभ टाळूला लावून कडेनं हवा सोडायची म्हणते ती, अकरा वर्षं झाली. लेकीला दोन्ही येतात. ती आमच्या दोघींच्या मध्ये स्टुलावर बसून आधी नाइनला ळ करून दाखवते, मग मला ल्ल, आणि मधून मधून आत्याच्या ओवीची ओळ म्हणते, वेल्श हेल काढून, श्वास अगदी भलत्याच जागी तोडत.